घरचा प्रश्न कुणाच्या घरचा?



एक वाक्य आपल्या पाठीमागं पिढ्यान्‌पिढ्या लागलेलं आहे. घरातलं भांडण घरात ठेवा. गावात पाटील हे बोलला, गिरणीत युनियनचा पुढारी बोलला, आणि समुद्रापलीकडं जगाच्या परिषदेत आपल्या देशाचा मंत्री उभा राहिला तेव्हा तोही फिरून हेच बोलला. शब्द तेवढे चढत गेले. गावात त्याला गावकी म्हणतात, गिरणीत एकजूट, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पोथीत त्याचं नाव आहे 'अंतर्गत अधिकारक्षेत्र'. पोथी म्हणालो ते मुद्दाम म्हणालो. पोथी वाचणारे आणि ती बाहेरून ऐकणारे, ही वाटणी इथंही आहेच.

मला तपासायचंय ते एवढंच. ज्याला घराच्या ओट्यावर चढू दिलं नाही, त्यानं घरचा प्रश्न बाहेर नेला तर तो घरभेदी ठरतो का? आणि बाहेर नेऊन त्याच्या पदरात काय पडतं?

हे डोक्यात घोळायला लागलं एका परिषदेमुळं. मुंबईत एक संस्था दरवर्षी आंतरराष्ट्रीय कायद्यावर परिषद भरवते. आमच्या पळस्प्याच्या अभ्यासवर्गाला येणारा एक वकील मित्र तिथं निबंध वाचणार होता, त्याच्या ओळखीनं मला पास मिळाला. मी तळोज्याकडच्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर आहे. रात्रपाळी सुटली, अंघोळ केली आणि पनवेलहून लोकल धरली. दारात एक फॉर्म होता. नाव, हुद्दा, संस्था. हुद्द्यापुढं मी 'भट्टी खातं' लिहिलं आणि संस्थेपुढं 'पळस्पे'. टेबलावरच्या मुलीनं निमूटपणे तसंच कार्डावर छापून दिलं. दिवसभर लोक माझ्या छातीवरचं कार्ड वाचत आणि मग चेहऱ्याकडं बघत. आडनाव ऐकून चेहरा बघणारे लोक आपल्याला नवीन नाहीत, त्यामुळं त्याचं काय वाटलं नाही.

सकाळ समुद्राच्या कायद्यात गेली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत पाणी देशाचं, २०० मैलांपर्यंत त्यातल्या माशांवर आणि तेलावर त्याचा हक्क, त्यापुढं सगळ्यांचं. पाण्याची मालकी इतक्या बारकाईनं मोजणारी माणसं मला महाडच्या तळ्याचा खटला वाचल्यापासून पहिल्यांदाच भेटली. दुपारी वंशभेदाविरुद्धच्या कराराची पाळी आली. बोलणारे गृहस्थ विद्वान होते, आवाज शांत होता, कुणाबद्दल वाईट बोलत नव्हते. त्यांनी सांगितलं की जात म्हंजे वंश नव्हे, सबब हा करार जातीला लागू होत नाही अशी भारताची भूमिका आहे. एवढं सांगून ते पुढच्या मुद्द्यावर गेले. दोन-अडीच मिनिटं लागली असतील. आपली सगळी हयात तेवढ्यात आवरली.

मी हात वर केला आणि मराठीत विचारलं की करारातला तो शब्द घातला कुणी? अध्यक्ष म्हणाले, प्रश्न इंग्रजीत लिहून द्या. मित्रानं चिठ्ठी लिहून दिली. तोवर चहाची वेळ झाली. चहा चांगला होता.

तो शब्द कुठला, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी २१ डिसेंबर १९६५ ला वंशभेद निर्मूलनाचा करार मंजूर केला. त्याच्या पहिल्याच कलमात भेदभाव कशाकशावरून होतो त्याची यादी आहे. वंश, रंग, मग 'डिसेंट', म्हंजे कूळ, माणूस कुणाच्या पोटी जन्मला ते, आणि मग राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ. यातला 'डिसेंट' हा शब्द मसुद्यात नव्हता. तो भारतानं सुचवला. चर्चेच्या वेळी आपल्याच सरकारच्या प्रतिनिधींनी दुरुस्ती मांडली आणि ती आत गेली. भारतानं ३ डिसेंबर १९६८ ला करारावर मान्यतेची मोहोर उठवली. पुढं १९९६ साली करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं भारताचा अहवाल तपासला आणि म्हटलं की या शब्दात तुमच्या अनुसूचित जाती-जमाती येतात. सरकार म्हणालं, येत नाहीत. २००२ साली समितीनं आपली २९ वी सर्वसाधारण शिफारस काढून स्पष्ट लिहिलं की कुळावरून भेदभाव म्हंजे त्यात जातही आली. २००७ साली सरकार पुन्हा तेच म्हणालं, येत नाही.

(इंग्रजीत 'डिसेंट' नावाचे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ कूळ, दुसऱ्याचा असहमती. देवनागरीत लिहिले तर दोन्ही एकच दिसतात. मला हे फार आवडलं.)

आता एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. जात म्हंजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी स्वतः मांडलेलं आहे. १९१६ सालच्या कोलंबियातल्या निबंधापासून ते १९४६ च्या शूद्रांवरच्या ग्रंथापर्यंत त्यांनी वंशाचा सिद्धांत खोडून काढला. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे, असं त्यांचं म्हणणं. मग सरकार बाबासाहेबांचंच बोलतंय की काय? आपले काही मित्र इथं अडखळतात. पण नीट वाचा. कलमात वंश हा एक शब्द आहे, पुढं स्वल्पविराम आहे, आणि कूळ हा निराळा शब्द आहे. दोन्हींचा अर्थ एकच असता तर भारतानं एवढी दुरुस्ती करून दुसरा शब्द घालायची गरज काय होती? जात वंश नाही म्हणूनच त्या दुसऱ्या शब्दाला किंमत आहे. स्वल्पविरामाच्या पलीकडं आपण उभे आहोत आणि सरकार अलीकडच्या शब्दाकडं बोट दाखवून म्हणतंय की तुम्ही इथं नाही. नाहीच साला. आम्ही पलीकडं आहोत.

दुसऱ्याच्या घरासाठी केलेला कायदा आपल्या घराला लावायचा म्हटलं की माणसाची जीभ कशी अडखळते, त्याचा याहून जुना पुरावा १९४६ सालचा आहे. दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांना जमीन घ्यायला, राहायला बंदी घालणारे कायदे झाले. भारतानं ते गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्याच आमसभेत नेलं. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. दक्षिण आफ्रिकेचे जनरल स्मट्स म्हणाले, ही आमच्या घरातली बाब आहे, सनदेचं कलम २, पोटकलम ७ बघा. गंमत अशी की मानवी हक्कांची भाषा बोलणाऱ्या त्या सनदेच्या प्रस्तावनेत याच स्मट्सचा हात होता. भारतानं उत्तर दिलं की माणसाला जन्मावरून खाली दाबणं ही कुणाच्याही घरातली बाब असू शकत नाही. ८ डिसेंबर १९४६ ला भारताच्या गाऱ्हाण्यावरचा ठराव दोन तृतीयांश मतांनी पास झाला. त्या दिवशी भारत बरोबर होता. मला त्या विजयाचा अभिमान आहे, आणि म्हणूनच मला त्यातला माझा वाटा पाहिजे.

त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं. आपल्याकडचे अस्पृश्यही असं पाऊल टाकायच्या विचारात आहेत, त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती पाठवाल का, असा त्या पत्राचा मजकूर. डु बॉइसनी ३१ जुलैला उत्तर दिलं. मी तुम्हाला नावानं ओळखतो, तुमच्या लोकांबद्दल मला सहानुभूती आहे, असं लिहिलं आणि अर्ज पाठवायचं कबूल केलं. एकाच वर्षात एकाच देशातून जगाच्या दारात जाणाऱ्या दोन वाटा. एकीवर विमान, शिष्टमंडळ, टाळ्या. दुसरीवर पोस्टाचं एक पाकीट.

मग बाबासाहेबांनी आपला अर्ज दिला का? नाही दिला. हे कळलं तेव्हा मी कितीतरी दिवस यावर विचार करत होतो. त्यांनी अस्पृश्यांच्या स्थितीवर अहवाल तयार केला होता, पण तो संयुक्त राष्ट्रांकडं पाठवला नाही. घटना समितीला आणि पुढच्या संसदेला आधी संधी द्यावी, असं त्यांना वाटलं. ज्यांना घरानं आयुष्यभर उंबऱ्याबाहेर ठेवलं त्या माणसानं घराला दिलेली ही संधी आहे. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीनं अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं, आजचं १७ वं. त्यानंतर अकरा दिवसांनी पॅरिसमध्ये जगानं मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. आपलं कलम आधीचं. जगानं आपल्याला शिकवलं असं कुणी म्हणू नये.

पण १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि न पाठवलेल्या त्या अहवालाची गोष्ट त्यांनी सांगितली ती राजीनाम्याच्या निवेदनात. संधी दिली, आणि आज काय दिसतं? तोच जुना जुलूम, तोच छळ, असा त्या निवेदनाचा रोख आहे. १० ऑक्टोबरला ते लोकांपुढं ठेवायचं होतं सभागृहात. उपसभापतींनी आधी प्रत मागितली, वेळ पुढं ढकलली. बाबासाहेब उठले, बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. घर ऐकत नसेल तर माणसानं काय करायचं, याचं उत्तर मी तिथं वाचतो. आधी घराला विचारायचं, मनापासून विचारायचं. ऐकलं नाही तर दार उघडून बाहेर पडायचं, आणि त्याची लाज बाळगायची नाही. लाज करणीची असते, सांगण्याची नसते.

१९३० साली ते आणि रेट्टमलै श्रीनिवासन गोलमेज परिषदेला लंडनला गेले तेव्हाही त्यांना देशद्रोही म्हणणारे होतेच. परक्यापुढं घरची धुणी कशाला, असं. अरे, पण धुणी आमच्या अंगावरची होती ना?

युनियनवाल्यांना हे टोचेल, तरी सांगतो. माझा आजा लालबागच्या एका गिरणीत बाबीन खात्यात होता, १९८२ च्या संपानंतर पळस्प्याला परत आला. साचाखात्यात पगार जास्त, पण मुंबईच्या गिरण्यांत विणाईवर आपल्या माणसाला कित्येक वर्षं शिवू दिलं नव्हतं. कारण काय तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावं लागायचं, आणि महाराच्या थुंकीचा धोटा मराठ्याच्या तोंडाला कसा लावणार? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना विचारलं की तुमच्या मागण्यांत ही मागणी का नाही? उत्तर तेच, एकजूट फुटेल. त्यांनी संपात न उतरण्याचा इशारा दिला तेव्हा नाखुशीनं मागणी यादीत गेली. म्हंजे भांडवलदाराविरुद्ध हक्क मागणाऱ्यालाही आपल्या खालच्या माणसाचा हक्क 'घरातला प्रश्न' वाटतो. स्मट्सपासून लालबागपर्यंत हा रोग एकच आहे.

आणि डर्बनला तो आपल्याच देशाच्या तोंडून बोलला. ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २००१, वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद, आणि तीही दक्षिण आफ्रिकेत, जिच्याविरुद्ध भारतानं १९४६ साली दाद मागितली होती. भारतातून दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येनं गेले, काम आणि कूळ यांवरून होणारा भेदभाव जाहीरनाम्यात यावा म्हणून. सरकारतर्फे परराष्ट्र राज्यमंत्री ओमर अब्दुल्ला बोलले. सारांश हाच की जातीचा प्रश्न आमच्या घटनेत हाताळला जातोय, तो या परिषदेचा विषय नव्हे. बिगरसरकारी मेळाव्यानं आपल्या जाहीरनाम्यात जात घेतली. सरकारांच्या जाहीरनाम्यात ती आली नाही. पाच वर्षांनी, २७ डिसेंबर २००६ ला, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी दिल्लीतल्या एका परिषदेत अस्पृश्यतेची तुलना आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाशी केली. घरात बोलले. दोनच महिन्यांनी जिनिव्हात सरकार पुन्हा जुन्या जागेवर.

काहीजण म्हणतात, गोरे देश आपले अश्रू बाजारात वापरतील. वापरतील ना. १९४६ साली ज्या देशांनी भारताच्या बाजूनं हात वर केले तेही काही संत नव्हते. ऐकणाऱ्याचा स्वार्थ असला म्हणून साक्ष खोटी पडत नाही. आणि घर घर म्हणता, ते घर आता कुठं कुठं जाऊन पोचलंय बघा. २१ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेतल्या सिॲटल शहरानं जातीवरून भेदभावाला बंदी घालणारा कायदा केला. तिथं बंदी घालावी लागली, म्हंजे तिथं जात सामानाबरोबर उतरली होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं केलेलं तसंच विधेयक तिथल्या गव्हर्नरनं ऑक्टोबरात परत पाठवलं. जातीला सातासमुद्रापार जाता येतं, तक्रारीनं मात्र गावातच बसायचं?

आमच्या पळस्पे फाट्यावर उभं राहिलं की हा विचार आपोआप येतो. न्हावाशेव्याच्या बंदरातून आलेले कंटेनर इथून दिवसरात्र जातात. लोखंडी पेटीला दाराशी एक सील असतं, त्यावर नंबर. कुठल्यातरी परक्या देशात लावलेलं ते सील वाटेत कुणी तोडलं तर चौकशी लागते, विमा लागतो, करार लागतात. पेटीच्या आत काय झालं हे पेटीचं घरचं प्रकरण आहे असं कुणी म्हणत नाही. पेटीला आंतरराष्ट्रीय कायदा कळतो. तिच्या सावलीत टपरीवर चहा पिणाऱ्या क्लीनरला कळत नाही.

म्हणून परिषदांना जाऊच नये असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण परिषदेनं काम झालं असं समजणाऱ्यांशी त्याहून पटत नाही. याच फाट्यावरून दोन रस्ते फुटतात, एक घाट चढून पुण्याला आणि एक पेण, माणगाव करत महाडला. दर मार्चमध्ये १९ तारखेच्या रात्री निळे झेंडे लावलेल्या गाड्या त्या दुसऱ्या रस्त्यानं जातात. महाडचं तळं खुलं करणारा कायदेशीर कागद २० मार्च १९२७ च्या आधीच तयार होता. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला पास झाला, महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला. तीन वर्षं कागद होता आणि तळ्याचं पाणी जिथल्या तिथं होतं. मग हजारो माणसं चालत गेली. आणि चालून गेल्यावर सुद्धा प्रकरण संपलं नाही. सवर्णांनी दावा लावला, डिसेंबरात मनाई हुकूम आणला, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं एका तळ्याला. तिथं निदान कोर्टाच्या हातात बेलीफ होता. जिनिव्हाच्या समितीकडं तो पण नाही. ती शिफारस करते, सरकार ती कपाटात ठेवतं. समितीचा कागद बोलेंच्या ठरावासारखा आहे. त्याला पाय आपण लावायचे.

पाय लावायचे म्हंजे काय, तर तो शब्द आपल्या भाषेत, आपल्या वस्तीत वाचायचा. आणि वाचायला घेतला की तो आपल्यावरही उलटतो, इथं खरी पंचाईत आहे.

आमच्या वस्तीतल्या एका बाईनं नवऱ्याच्या मारहाणीबद्दल परस्पर पोलीस ठाण्यात अर्ज दिला. नवरा चळवळीतला, जयंतीला पुढं असणारा. मंडळाची बैठक बसली. तीन जाणते लोक एकामागून एक काय बोलले माहितीय? आपल्यातलं आपल्यात मिटवायचं होतं, बाहेर जायची काय गरज होती, वस्तीची अब्रू गेली. ओमर अब्दुल्लांचंच भाषण, पळस्प्याच्या बोलीत. कुणी त्यांना डर्बनला पाठवायला हरकत नव्हती.

तीच गोष्ट आपल्यातल्या पोटजातींची. महार-मांगाची सोयरीक म्हटली की क्रांतीची भाषा बोलणारा माणूस अचानक म्हणतो, हा घरचा विषय आहे. घर म्हणायची वेळ आली की प्रत्येकजण आपल्या खालच्या माणसाकडं पाठ करून दाराला कडी लावतो. महाडला १९२७ साली बाया होत्या, डिसेंबरात मनुस्मृती जळाली तेव्हाही होत्या, बाबासाहेबांनी त्यांच्यापुढं वेगळं भाषण केलं. बाहेरच्या तळ्यावर त्यांना नेलं आणि घरातल्या माराबद्दल मात्र गप्प बसा म्हणायचं, तर मग १९६५ सालचा तो शब्द आपण कुठल्या तोंडानं सरकारपुढं धरायचा?

त्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. कंटेनर सोडून. एक जाणते म्हणाले, तू परिषदेला जायला लागल्यापासून जास्त बोलतोस. दुसरे म्हणाले, बाईला बोलावून समजावू. मी म्हणालो, बोलवा, पण समजवायला नको, ऐकायला. आणि तिच्याबरोबर वस्तीतल्या आणखी बायका येतील, त्या बसतील खुर्च्यांवर, आपण सतरंजीवर. यावर बराच वेळ वाद झाला. अर्ज मागं घ्यायचा नाही एवढं मान्य झालं आहे. खुर्च्यांचं अजून ठरलेलं नाही, पुढच्या रविवारी पुन्हा बसतोय.